दोन बोटं वर

नऊ वाजता

शिंपी चार वाजता येणार होता. एका दांड्यासाठी सात तास ही चैन झाली, असं धाकट्याने वहिनीला सांगितलं, बाह्या वर सारल्या आणि अंगणातल्या शेडमध्ये गाडीच्या उघड्या दारापाशी गुडघे टेकले.

वहिनीने स्टूल आणून ठेवलं. त्याने ते न बघताच पायाने बाजूला केलं. काम करताना तो कधी बसत नाही हे तिला ठाऊक होतं, तरी दर वेळी ती काहीतरी बसायला आणून ठेवायचीच.

धाकटा हा नावाचाच धाकटा. चाळिशी उलटलेली, कानशिलं पांढरी, लेथवर बावीस वर्षं घासलेला टर्नर. पण घरात एकदा धाकटेपणाचा शिक्का बसला की केस पिकून पुसला जात नाही. आता तर थोरलाच उरला नव्हता, तरी हा आपला धाकटाच. थोरल्याला जाऊन अडीच महिने झाले होते. रात्री जेवून झोपला, सकाळी उठला नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय.

गाडी थोरल्याची. बिनगिअरची, पांढरी, मागच्या काचेवर मुंग्यांसारखे बारीक ओरखडे. थोरल्याचे पाय कमरेपासून खाली एकोणीस वर्षं निकामी होते, त्यामुळे ही गाडी तो हातांनी चालवायचा. स्टिअरिंगच्या बाजूला एक लोखंडी दांडा. पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की वेग. दांड्याचं खालचं टोक ब्रेकच्या पेडलला एका पट्टीच्या चिमट्यात आवळलेलं. सतरा वर्षांपूर्वी धाकट्याने हा दांडा स्वतःच्या हातांनी घडवला होता. बाजारातल्या लोखंडावर त्याचा विश्वास नव्हता, म्हणून कारखान्यातून चांगल्यातला चांगला गज आणला होता.

आता हा दांडा काढायचा होता. तोही अखंड.

शिंपी

शिंपी थोरल्याला भेटला तो दवाखान्याच्या व्यायामाच्या खोलीत. दोन वर्षांपूर्वी शिंप्याला कसलासा ताप आला आणि उतरताना पाय घेऊन गेला. त्याच्याकडेही हीच गाडी, याच वर्षाची. थोरल्याने त्याच्या हाती दांडा देऊन अंगणातल्या अंगणात गाडी फिरवायला लावली आणि वर सांगून टाकलं, की मी गेलो की हा दांडा तुझा, काही कापाकापी करावी लागणार नाही. शिंपी म्हणाला होता, तुमची तब्येत बघता मला तोवर पायीच हिंडावं लागणार. दोघे पाय नसलेले पुरुष त्यावर इतके हसले की वहिनी आतून येऊन दोघांनाही बोलली.

आता उद्या, सोमवारी सकाळी शिंप्याची गाडी चालवण्याची परीक्षा होती. दोन वर्षं तो घराबाहेर पडला होता तो दर वेळी कुणीतरी उचलल्यावर. धाकट्याला नवा दांडा करायला पंधरा दिवस लागले असते, आणि ही तारीख हुकली की पुढची पाच महिन्यांनी. वहिनीचं म्हणणं याहून साधं होतं. त्यांनी शब्द दिलाय. नवा नको, हाच.

तेरा नंबर

दांडा चार बोल्टांवर होता. त्यातले तीन, वीस मिनिटांत निघाले. वरचे दोघे तर पाना लावताच असे फिरले, जणू कधीचे जायला निघाले होते.

चौथा खाली, पेडलवर. तेरा नंबरचा नट. धाकट्याने रिंग पाना चढवला आणि जोर दिला. पाना नटावरून गरकन फिरला आणि त्याची बोटं दाराच्या चौकटीवर आपटली. नट होता तिथेच.

वहिनीने विचारलं, लागलं का. तो म्हणाला, गंजलाय.

जॅक सरकला

एकोणीस वर्षांपूर्वी याच अंगणात जॅक सरकला. घरात एवढंच म्हणायची पद्धत होती. पाहुण्यांना, डॉक्टरांना, विम्याच्या माणसाला, सगळ्यांना हेच. जॅक सरकला. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं त्या जॅकचंच.

तेल

गंज उतरवायचं तेल मारून अर्धा तास थांबायचं असतं. हा अर्धा तास कुणालाच पाळता येत नाही. धाकट्याने बाकीचे तिन्ही बोल्ट पुसले, वायसर मोजले, पुन्हा मोजले. वहिनी पायरीवर बसून उजव्या हाताचा अंगठा डाव्या मुठीत धरून होती. तो अंगठा वर्षभर दुखत होता. बाटलीचं झाकण, चावी, सुईत दोरा, सगळं ती आता डाव्या हाताने करायची.

तिने सहज म्हणावं तसं म्हटलं, की तुम्ही लावलेलं काही या घरात कधी सुखासुखी निघालंय का, भाऊजी.

हे खोटं नव्हतं. या घरात धाकट्याने आवळलेल्या गोष्टी अशा: साखरेची बरणी, जी शेवटी पक्कड लावून उघडली आणि तिचं तोंड कायमचं वाकडं झालं, न्हाणीघरातला नळ, जो वर्षाला तीन वायसर खातो, खिडकीची कडी, शिलाई मशीनचं चाक, वहिनीच्या चष्म्याचा स्क्रू, ज्याच्यापायी डावी काच तडकली. थोरला म्हणायचा, याच्याकडून पाकिटाला डिंक लावून घेऊ नका, आतलं पत्र वाचायचं असतं आपल्याला. सगळे हसायचे. धाकटाही हसायचा. जॅक सरकण्याआधी मात्र त्याने लावलेलं सगळंच सैल असायचं, हे तेव्हा कुणी काढत नसे.

पुन्हा तेरा नंबर

हलला नाही.

आरसा

अर्ध्या तासानंतर, आणि त्यानंतरच्या अर्ध्या तासानंतर, त्याने वहिनीकडे तिचा लहान आरसा मागितला. चिमट्याची मागची बाजू डोळ्याला दिसत नाही. आरसा तिरका धरला, वहिनीने दुसऱ्या बाजूच्या सीटवर गुडघा टेकून विजेरीचा झोत पाडला, आणि बोल्टचं टोक आरशात आलं.

टोकावर तीन ठिपके होते. पंच ठेवून हातोडी मारली की लोखंडात पडतात तसे. नट आणि आटे यांच्या मधोमध, तीन बाजूंनी, खोलवर. असे ठिपके मारले की आटे चेपतात आणि नट जन्मात मागे फिरत नाही. कारखान्यात हे ज्याला पुन्हा उघडायचंच नाही अशा जागी करतात.

हे ठिपके धाकट्यासाठी नवे नव्हते. ते त्यानेच मारले होते. सकाळी गंजलाय म्हणाला तेव्हाही त्याला ते ठाऊक होते. सतरा वर्षांत असा एक आठवडा गेला नव्हता की त्याला ते आठवले नाहीत. भाऊ भर रस्त्यात दांडा ढकलेल, चिमटा ढिला होऊन निसटेल आणि गाडी थांबणार नाही, हे चित्र दांडा बसवायच्या आधीपासून त्याच्या डोळ्यांपुढे होतं. म्हणून तीन ठिपके. एकानेही भागलं असतं.

नवं जे होतं ते वेगळंच. नटाला सहा कोपरे असतात. त्याने बसवला तेव्हा सहाच्या सहा धारदार होते. आता एकही नव्हता. नट सुपारीसारखा गोल झाला होता, म्हणून तर पाना घसरत होता. लोखंडावर आडवेतिडवे ओरबाडे होते, काही जुने, काळे पडलेले, काही त्यामानाने उजळ. कुणीतरी चुकीच्या पान्याने, वाकड्या हाताने, पुष्कळ वेळा जोर लावला होता.

त्याने विचारलं, गाडी कधी गॅरेजला नेली होती का.

वहिनी म्हणाली, छे. ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. माझा भाऊ बघेल म्हणायचे.

भाऊ बघेल

दांडा बसवून दोन महिने झाले तेव्हा थोरला पहिल्यांदा म्हणाला होता, झकास आहे रे, फक्त दोन बोटं वर असता तर खांद्याला ओढ बसली नसती. चिमटा पेडलवर दोन बोटं वर सरकवला की दांडा हाताजवळ आला असता. धाकटा म्हणाला, बघतो.

मग त्या वर्षाच्या शेवटी म्हणाला. धाकटा म्हणाला, कारखान्यात गर्दी आहे.

मग वहिनीकडून निरोप आला. धाकटा म्हणाला, तो आता गंजला असेल, छेडू नये, चालतंय ना नीट.

चौथ्यांदा केव्हा ते त्याला आठवत नाही, पण थोरला गाडीत होता आणि काच खाली होती. त्यानंतर थोरल्याने विषय काढला नाही. धाकटा अधूनमधून स्वतःहूनच विचारायचा, दांडा कसा आहे. थोरला म्हणायचा, चालेल रे.

चालेल हा फार सोयीचा शब्द आहे. ऐकणाऱ्याच्या.

कप्पा

वहिनीच्या हातातली विजेरी खाली गेली होती. ती काहीतरी आठवत होती. मग तिने सांगितलं, की तीन-चार वर्षांपूर्वी एकदा दुपारी ती शेडमध्ये आली तर थोरला दोन्ही सीटांवर आडवा पडलेला, डोकं खाली पेडलपाशी, तोंड लालभडक. ती घाबरली. तो म्हणाला, रेडिओची वायर पडलीय, शोधतोय. तिने त्याला बगलेत धरून वर ओढलं आणि चांगलं झापलं, की मला हाक मारायला तोंड दुखतं का. तेव्हापासून दुपारी ती डुलकी काढायला गेली की तो गाडीत रेडिओ ऐकत बसायचा. तिला वाटायचं, बरं आहे, मन रमतंय.

ती पुढे वाकली आणि समोरचा कप्पा उघडला. आत गाडीची कागदपत्रं, खोकल्याच्या गोळ्या, एक चार्जर. सगळ्यात खाली, मोठ्या रुमालात गुंडाळलेला एक स्क्रू पाना. नळ दुरुस्तीचा, लहान, जबडा हलणारा. असला पाना अडकलेल्या नटाला लावू नये, कोपरे खातो, हे कारखान्यात पहिल्या दिवशी शिकवतात. थोरला कारखान्यात नव्हता. थोरला पोस्टात होता.

पान्याच्या जबड्यात लोखंडाचा कीस अडकला होता.

धाकट्याने तो हातात घेतला, परत रुमालात गुंडाळला आणि होता तिथे ठेवून दिला. कप्पा बंद केला. या वेळी मात्र हलक्या हाताने.

एकाने असा ठोकला की सुटू नये. दुसऱ्याने सोडवता सोडवता गोल केला. आणि दोघेही दर रविवारी समोरासमोर बसून चहा पीत होते.

जॅक सरकला (थोडं मोठं)

एकोणीस वर्षांपूर्वी याच अंगणात वडिलांच्या जुन्या गाडीचा जॅक सरकला. सायलेन्सरचा एक बोल्ट जाम होता. थोरला गाडीखाली पाठीवर झोपून तो ओढत होता. जमीन आदल्या दिवशी पाणी मारल्याने मऊ होती. थोरल्याने जोर लावला, गाडी हलली आणि जॅक सरकला.

जॅकच्या भरवशावर कुणी गाडीखाली जात नसतं. शेजारी लाकडाचा ठोकळा लावतात. ठोकळा होता, सागाचा, चांगला हातभर.

एक वाजता

आच देता येईना, आत वायरी आणि गालिचा. करवतीचं पातं फिरायला जागा नाही. दांडा कापून काढणं पाच मिनिटांचं काम, पण मग शिंप्याच्या हाती काय द्यायचं, दोन तुकडे? उरला एकच मार्ग. छिन्नीने नटच चिरायचा. बोल्ट मेला तर मेला, चिमटा वाचेल.

पण नट असा हवेत चिरला जात नाही. मागून कुणीतरी जड लोखंड टेकवून धरावं लागतं, नाहीतर घाव पेडल खातं आणि पेडल वाकतं. म्हणजे एकाने मारायचं आणि दुसऱ्याने घण हातात धरून, बोटं घावापासून वीतभर अंतरावर ठेवून, न हलता पडून राहायचं.

धाकटा म्हणाला, मी कारखान्यातून कुणाला तरी बोलावतो.

वहिनी म्हणाली, रविवारी? आणि ती दुसऱ्या बाजूच्या दाराने आत शिरून सीटांवर आडवी झाली. डोकं खाली, पेडलपाशी. थोरला पडला होता तशीच. तिने घण मागितला.

धाकट्याने दिला नाही. तो उभा राहिला. आधी म्हणाला तुमचा अंगठा दुखतोय. मग म्हणाला छिन्नी बोथट आहे, धार लावून आणतो. मग म्हणाला घाव चुकला तर. ती खालूनच म्हणाली की बावीस वर्षं हातोडी मारताय, आजच कसा चुकेल.

"माझ्या भरवशावर हात घालू नका, वहिनी," तो म्हणाला. आणि मग, दाराच्या चौकटीला धरून, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा: "तेव्हा ठोकळा मी लावला नव्हता."

 तिचं तोंड त्याला दिसत नव्हतं, फक्त पाठ आणि केसांचा सैल झालेला अंबाडा.

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही त्याच्यावर बसला होतात. मी पायरीवरून बघत होते."

शेंगा खात होता तो. सोलून टरफलं बाजूला टाकत होता. थोरल्याने खालून विचारलं होतं, ठोकळा लावलास ना. आणि तो म्हणाला होता, हो. म्हणजे लावतोच आहे, या अर्थाने हो. एवढी मूठ संपली की.

त्याने विचारलं, मग कधी बोलला का नाहीत.

"काय बोलणार? शुद्धीवर आल्या आल्या ते म्हणाले, जॅक सरकला असंच म्हणायचं. मी म्हटलं. लग्नाला आठ महिने झाले होते मला. नवऱ्याचे पाय सांभाळू की दिराचा न्याय करू?"  तिचा श्वास खाली डोकं केल्याने जड झाला होता. "ठोकळ्याचं एक वेळ समजते मी. तरुण होतात, हलगर्जी होतात. पण दांड्याचं नाही समजत मला, भाऊजी. दोन बोटांचं काम. सतरा वर्षं रोज संध्याकाळी त्यांचा खांदा मी चोळला. या अंगठ्याने. त्याची माफी माझ्याकडे नाही. आणा तो घण, मान अवघडलीय माझी."

त्याने घण दिला.

कबुली

कबुलीने नट सुटत नसतो. तो होता तसाच होता, गोल आणि घट्ट.

घाव

पहिला घाव हलका. दुसराही हलका. ती खालून म्हणाली, चहाची वेलची कुटताय का. तिसरा नीट बसला. चौथ्याला छिन्नी किंचित घसरली आणि त्याचा हात हवेतच थांबला. घण जागचा हलला नव्हता. त्याने छिन्नी पुन्हा त्याच खाचेत ठेवली. प्रत्येक घावाआधी तो आता सांगत होता, मारतो, आणि ती म्हणत होती, हं. मारतो. हं. मारतो. हं. असं बराच वेळ चाललं. शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावून गेलं असेल, तर त्यांना वाटलं असेल की काही तरी मोजतायत ही दोघं.

किती घाव पडले ते माहीत नाही. नट चिरला तेव्हा मोठा आवाजही झाला नाही. पापडी मोडावी तसा झाला. दोन अर्धुकं खाली गालिच्यावर पडली आणि चिमटा अलगद उघडला.

दांडा धाकट्याच्या हातात आला. अखंड. मुठीवरचं रबर थोरल्याच्या तळव्याने झिजून आरशासारखं गुळगुळीत झालेलं, बोटांच्या जागी चार खळगे. त्याने त्यात आपली बोटं ठेवली नाहीत.

वहिनीला उठायला हात दिला. तिने तो धरला, उठली, आणि सोडला.

चार वाजता

शिंपी सव्वाचारला आला. गाडी त्याची मुलगी चालवत होती आणि तो शेजारी बसून तिला प्रत्येक वळणावर शिकवत असावा, कारण उतरताना तिचं तोंड चांगलंच फुगलं होतं. त्याने आधी थोरल्याच्या गाडीकडे पाहिलं, मग वहिनीकडे, आणि म्हणाला की अडीच महिन्यांत खरं तर आधीच यायला हवं होतं, पण रिकाम्या हाताने दांडा मागायला यायचं म्हणजे माणूस जायचीच वाट बघत होता असं वाटतं. वहिनी म्हणाली, ते असते तर म्हणाले असते, उशीर केलास.

मुलीने बापाला त्यांच्या गाडीत चालकाच्या सीटवर बसवलं. धाकटा गुडघ्यांवर खाली. नवा बोल्ट, नवा नट, मध्ये स्प्रिंगचा वायसर. चिमटा अंदाजाने पेडलवर बसवला, हाताने आवळला आणि म्हणाला, दांडा ढकलून बघा.

शिंप्याने ढकलला. म्हणाला, चालेल.

"चालेल नको," धाकटा म्हणाला. "खांद्याचं सांगा."

शिंपी चपापला. आवाज जरा चढाच लागला होता. मग त्याने दांडा पुन्हा ढकलला, ओढला, आणि लाजत म्हणाला की आयुष्यभर लोकांची मापं घेतली, आपलं द्यायची सवय नाही. इथे, बगलेच्या मागे थोडी ओढ बसते. थोडा वर असता तर.

धाकट्याने चिमटा एक बोट वर घेतला. पुन्हा ढकला. अजून. अर्धं बोट. पुन्हा. जास्त झालं, कोपर अडतं. किंचित खाली. हे चाळीस मिनिटं चाललं. मुलगी कंटाळून वहिनीबरोबर पायरीवर जाऊन बसली. शेवटी शिंप्याने दांडा ढकलला आणि काही बोललाच नाही, फक्त खांदा आपोआप खाली आला. कपडा अंगावर नीट बसला की माणसाचा खांदा येतो तसा. धाकट्याने तिथेच आवळला. पाना थांबू लागला तिथे थांबला. हात अजून एक फेरा मागत होता. त्याने तो दिला नाही.

मग त्याने तेरा नंबरचा पाना पुसला आणि शिंप्याच्या हातात ठेवला. सांगितलं की महिन्यातून एकदा मुलीकडून बघून घ्यायचं, सैल वाटला तर आवळायचा. आणि खांदा पुन्हा दुखला, म्हातारपणी माप बदललं, तर सोडायचा आणि सरकवायचा. सुटेल. सुटण्यासारखाच लावलाय. शिंपी म्हणाला, पाना तुमच्या कामाचा आहे, मी विकत घेईन. धाकटा म्हणाला, ठेवा.

मुलगी शेजारी बसली. गाडी शिंप्याने स्वतः फाटकापर्यंत नेली, तिथे दांडा ढकलला. मागचे दोन्ही लाल दिवे लागले. गाडी थांबली. मग वळली आणि गेली.

त्यानंतर

वहिनी आत गेली. चहा टाकते म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. भांडी लावल्याचा आवाज येत राहिला.

धाकटा हत्यारं आवरायला शेडमध्ये परतला. स्टूल सकाळी ढकललं होतं तिथेच होतं. त्याने ते उचललं, उघड्या दारापाशी ठेवलं आणि त्यावर बसला. आत वाकून विजेरी लावली. गालिच्यावरून नटाचे दोन तुकडे वेचले.

पेडलचं रबर कोरं होतं. सतरा वर्षांत त्याच्यावर एकदाही पाय पडला नव्हता. त्यावरच्या खाचा कारखान्यातून आल्यासारख्या ठळक होत्या. त्याच्या वरच्या लोखंडी पट्टीवर, चिमटा बसायचा तिथे, रंग उडून गेला होता आणि लोखंड चकचकीत झालं होतं. जितक्या वेळा भावाने दांडा ढकलला, तितक्या वेळा घासलेलं.

त्याने त्या चकाकीच्या वरच्या कडेला दोन बोटं आडवी टेकवली. तर्जनी आणि मधलं. बोटांखाली लोखंड काळंच होतं, पहिल्या दिवसाच्या रंगाचं. एक ओरखडासुद्धा नव्हता.

आतून वहिनीने विचारलं, झालं का.

तो बोटं तशीच ठेवून बसून राहिला.